ब्याऐंशी अंशांची दिशा

युद्ध सुरू होऊन अठरा दिवस झाले होते, तेव्हा नागरी संरक्षण दलाचा एक अधिकारी चष्म्याच्या दुकानात आला. त्याला चष्मा नको होता. त्याच्याबरोबर आठ माणसं होती, कुणी टपालखात्यातून निवृत्त झालेलं, कुणी शाळेत शिकवणारं, आणि त्या सगळ्यांचे डोळे त्याला तपासून हवे होते. शत्रूची विमानं वेळेत दिसावीत म्हणून शहरभर उंच गच्च्यांवर चौक्या उभारायचं काम चाललं होतं आणि त्यांवर बसायला लांबचं नीट दिसणारी माणसं लागणार होती.

दुकानातली बाई बारा वर्षं लोकांचे नंबर काढत होती. गिऱ्हाइकं तिला चष्मेवाली म्हणायची, पण तिला स्वतःला चष्मा नव्हता. तिने एकेकाला खुर्चीत बसवून, एक डोळा झाकून समोरची अक्षरं वाचायला लावली. आठांतल्या पाच जणांचा शेवटच्या दोन ओळींत पार बोऱ्या वाजला. एक तर ठामपणे म्हणाला, "ही ओळ छापायचीच राहिली आहे."

अधिकाऱ्याने कपाळाला हात लावला. "तुम्हाला तरी दिसते का हो ही ओळ?"

ती तेव्हा एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला दारापर्यंत सोडायला गेली होती. तिथूनच तिने ओळ वाचली.

"ही तुम्हाला पाठच असणार."

मग तिने रस्त्यापलीकडच्या भिंतीवर चिकटवलेल्या सरकारी पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात असलेला छापखान्याचा पत्ता वाचून दाखवला. अधिकारी स्वतः रस्ता ओलांडून खात्री करून आला.

"सकाळी सहा ते बारा. जमेल?"

"चौकी कुठे आहे?"

"बर्फाच्या कारखान्याच्या गच्चीवर. पूर्वेकडची सगळ्यात उंच जागा. नदीपलीकडचं स्वच्छ दिसतं तिथून."

"जमेल," ती म्हणाली.

अधिकाऱ्याला वाटलं, काय बाई आहे, एका शब्दात तयार झाली. तिने त्याचा गैरसमज दूर केला नाही.

नदीपलीकडे तिची धाकटी बहीण राहत होती. चार वर्षांपूर्वी धाकटी लग्न होऊन तिकडे गेली तेव्हा पलीकडचं गाव म्हणजे परदेश, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. पुलावरचा शिपाई कागद बघायचा, जांभई द्यायचा आणि बस सोडून द्यायचा. तासाभरात धाकटीचं दार. जावई तिथल्या सिमेंटच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा आणि त्यांचं घर कारखान्याच्या मागच्याच गल्लीत होतं. "वाळत घातलेले कपडे काढले की परत धुवायला टाकते," असं धाकटी हसत सांगायची.

युद्धाच्या अकरा दिवस आधी तिचा फोन आला होता. तिला पाचवा महिना लागला होता. "ताई, बाबांना चार-पाच महिने माझ्याकडे पाठव ना. आई नाही, निदान बाबा तरी घरात असावेत असं वाटतं."

थोरलीचा तो दिवस वाईट गेला होता. दुकानात वादावादी झाली होती, घरी बाबांचा खोकला वाढला होता. "त्यांना तिथली धूळ सोसायची नाही," ती म्हणाली. एवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. "आणि चार वर्षांत तुला आजच बाप आठवला का? इथे त्यांचं सगळं मी करते तेव्हा कुठे असतेस?" असं म्हणून तिने फोन ठेवून दिला. ठेवला कसला, आपटला.

दोन दिवसांनी करू, चार दिवसांनी करू, असं म्हणताम्हणता पूल बंद झाला. दुसऱ्या दिवशी फोनच्या तारा तोडल्या आणि टपाल थांबलं.

बर्फाच्या कारखान्याचा जिना ओलसर होता आणि त्याला नाकात झोंबणारा वास होता. खाली लाद्या घसरत जाताना घरघर व्हायची. चार मजले चढून वर आलं की मात्र लख्ख ऊन आणि वारा. गच्चीच्या मधोमध वाळूच्या पोत्यांचं कोंडाळं, त्यावर पत्र्याचं छप्पर. आत एक गोल टेबल, त्याच्या कडेने शून्यापासून तीनशे साठपर्यंत अंश रंगवलेले आणि मध्ये फिरणारी लाकडी पट्टी. विमान दिसलं की पट्टी त्याच्या रोखाने वळवायची, आकडा वाचायचा आणि मूठ फिरवून चालणाऱ्या फोनवरून केंद्राला कळवायचं.

तिच्या जोडीला दिलेला माणूस साठीतला होता. तो बँडमास्तर. त्याचे अकराच्या अकरा वादक सैन्यात भरती झाले होते आणि वाद्यं त्याच्या घरी कपाटांवर, पलंगाखाली, जागा मिळेल तिथे पडून होती. त्याची नजर यथातथाच होती. घेतलं होतं ते कानांसाठी.

"तुम्ही बघा, मी ऐकतो," पहिल्याच सकाळी तो म्हणाला. "दोघांचं मिळून एक धड माणूस होतंय."

खरोखरच त्याला आवाज आधी कळायचा. तिला आभाळात काही दिसत नसताना तो बोट वर करायचा आणि डोळे मिटायचा. "दोन आहेत. आपलीच. त्यांची जरा खर्जात बोलतात." मग ती दुर्बीण लावायची, मिनिटभराने ठिपके दिसायचे. ती फोनची मूठ फिरवायची. "चौकी सात. दोन विमानं, आपली. दिशा तीनशे दहा. उंच."

"सात, समजलं," केंद्रातली बाई म्हणायची. त्या बाईचा चेहरा त्यांनी कधी पाहिला नाही. ती याहून एक शब्द जास्त बोलत नसे.

तिसऱ्या दिवशी रात्रभर वारा होऊन हवा धुतल्यासारखी झाली होती. तिने दुर्बीण पूर्वेला लावली. नदी, नदीमागची शेतं, झाडांची रांग आणि तिच्याही मागे, क्षितिजावर, सुईने उभ्या टोचल्यासारख्या दोन बारीक रेघा. सिमेंटच्या कारखान्याची धुराडी. तिने लाकडी पट्टी हळूच त्या रोखाने वळवली. ब्याऐंशी अंश. दुपारी दुकानात भिंतीवरच्या नकाशावर दोरा ताणून तिने अंतरही मोजलं. सरळ रेषेत बावीस किलोमीटर.

त्यानंतर रोज सकाळी ती आधी तिकडे बघायची. धूर निघतोय, म्हणजे कारखाना चालू आहे. म्हणजे जावई कामावर गेलाय. म्हणजे धाकटी आता एकटीच घरात असेल, कमरेवर हात ठेवून ओट्याशी उभी असेल. सहावा महिना. खालचं सामान उचलायला कोण असेल? धूर सरळ वर गेला तर तिला बरं वाटायचं, गल्लीवर वाकला तर उगाच जीव खालीवर व्हायचा. कधी कधी वाटायचं, हात लांब केला तर दाराची कडी वाजवता येईल. आणि पुलापाशी आता तोफा होत्या.

आठवडाभर बँडमास्तरने पाहिलं आणि एके दिवशी विचारलं, "बाई, शत्रूने तुम्हाला ब्याऐंशीवरूनच येतो असं कळवलंय का?"

ती दचकली. मग तिने सांगून टाकलं. फोन आपटला, तेही सांगितलं. ते तिने बाबांनाही सांगितलं नव्हतं.

त्याने धीराचे चार शब्द वगैरे काही बोलून दाखवले नाहीत. थर्मासमधला चहा दोघांना ओतला. "मग बघत जा की तुम्ही तिकडेच. बाकीचं आभाळ मी कानांनी सांभाळतो."

"नको. त्या नादात एखादं निसटलं तर?"

शेवटी असं ठरलं की दर पाव तासाला एक मिनिट तिचं. बँडमास्तर घड्याळ हातात धरून बसायचा आणि मिनिट संपलं की घसा खाकरायचा. तिला खात्री होती की त्याचं मिनिट साठ सेकंदांपेक्षा बरंच मोठं असतं.

पाचव्या आठवड्यात विमानं आली. बँडमास्तरने बोट वर केलं आणि या वेळी त्याचे डोळे मिटण्याऐवजी मोठे झाले. "ही आपली नव्हेत. खर्ज. तीन तरी असतील." ती सगळीकडे शोधत राहिली आणि चाळीस अंशांवर, उन्हाच्या बाजूने, तीन ठिपके सापडले. केंद्राला सांगताना तिचा आवाज जराही हलला नाही. अर्ध्या मिनिटात शहरात भोंगे वाजले. रस्ते रिकामे होताना वरून दिसत होते, दुकानांची फळकुटं धडाधड लागत होती. पहिला बॉम्ब रेल्वेच्या मालधक्क्यावर पडला तेव्हा भोंगे वाजून अकरा मिनिटं होऊन गेली होती आणि मालधक्क्यावर एकही माणूस उरला नव्हता.

अधिकारी दुसऱ्या दिवशी धापा टाकत चार जिने चढून दोघांची पाठ थोपटून गेला. घरी बाबांना शेजाऱ्यांनी तळघरात नेलं होतं. "तुमची लेक वर बसलीये म्हणून आपण खाली बसू शकलो, असं म्हणत होते सगळे," बाबा म्हणाले. त्या दिवशी ती खरंच मनापासून खूश होती. हे सांगायला हवं, कारण त्यानंतर तसा दिवस आला नाही.

पुढच्याच आठवड्यात, सकाळी साडेआठच्या सुमाराला, बँडमास्तरने मान पश्चिमेला वळवली. "आपली आहेत. पण पुष्कळ आहेत. आणि दमल्यासारखी येतायत."

विमानं दमलेली नव्हती, बॉम्बांनी भरलेली होती. नऊ विमानं शहराच्या माथ्यावरून इतकी खालून गेली की छपराचा पत्रा थरथरला. नियम असा होता की आपली असली तरी कळवायचं, नाहीतर पुढची चौकी गोंधळते. तिने पट्टी वळवली. विमानं पुढे गेली तशी पट्टीही फिरत गेली आणि एका आकड्यावर येऊन थांबली.

बँडमास्तरने आकडा वाचला आणि फोनकडे हात केला. "द्या इकडे. मी सांगतो."

"मी सांगते," ती म्हणाली. "चौकी सात. नऊ विमानं, आपली. खालून. जाण्याची दिशा ब्याऐंशी."

"सात, समजलं."

मग करण्यासारखं काहीच नव्हतं. तिने दुर्बीण डोळ्यांना लावली. आवाज आधी आला नाही, आधी धूर दिसला. रोजचा नव्हे, काळा आणि रुंद, बुंध्याशी जाड होत जाणारा. आवाज बराच उशिरा आला, तोही बँडमास्तरला. त्याची मान खाली गेली ती तिने पाहिली.

तिने पुन्हा मूठ फिरवली. धूर दिसला तर तोही कळवायचा असतो. "चौकी सात. धूर. दिशा ब्याऐंशी. अंतर बावीस किलोमीटर."

केंद्रातली बाई या वेळी थांबली. "सात, अंतर इतकं नेमकं?"

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"समजलं, बाई."

विमानं परत जाताना आठ होती. तेही तिने कळवलं. त्या आठांतल्या कुणाला काय वाटत असेल आणि नवव्याच्या घरी कोण वाट बघत असेल, हेही तिच्या मनात येऊन गेलं, पण आत पोचलं नाही. बारा वाजता पुढची जोडी आली तेव्हा ती पोत्याला धरून उभी होती. बँडमास्तर तिला खालपर्यंत सोडायला आला. ओल्या जिन्यावर त्याचाच पाय घसरला आणि तिनेच त्याला सावरलं.

घरी बाबा खिडकीत बसले होते. रोज ते एकच विचारायचे. "आज काही दिसलं का तिकडचं?"

"ढग होते," ती म्हणाली.

बाबांनी बाहेर पाहिलं. सकाळपासून आभाळात एक पुंजका नव्हता. "असतील वरच्या अंगाला," ते म्हणाले आणि उठून त्यांनी तिचं ताट वाढलं. आई गेल्यापासून त्यांनी कधी ताट वाढलं नव्हतं. भाजी नको तितकी आणि पोळी एकच. तिने ती सगळी भाजी संपवली.

धूर चार दिवसांनी विरला तेव्हा क्षितिजावर एकच रेघ उरली होती. ती मात्र रोज जात राहिली. अधिकाऱ्याने कुणाकडून तरी ऐकलं असावं. दुसरी चौकी देऊ का, असं त्याने विचारलं. ती नको म्हणाली. उरलेली रेघ सोडून कुठे जायचं? बँडमास्तर तिचं मिनिट मोजायचा आणि ती गल्लीचा हिशोब लावायची. धुराड्यापासून गल्ली दीडशे पावलं, पण कुठल्या धुराड्यापासून? उभं आहे ते डावीकडचं की उजवीकडचं? आठवा महिना. नववा. जिवंत असेल तर नववा.

युद्ध संपलं ते एका मंगळवारी, दुपारच्या बातम्यांत. आठवड्याभरात माणसं येऊन गोल टेबल, फोन आणि पोती उतरवून घेऊन गेली. गच्चीवर छपराच्या खांबांच्या चार खुणा राहिल्या. तिच्या एकशे तीस सकाळी झाल्या होत्या. पूल तुटलेलाच होता आणि सरहद्द इतक्यात उघडणार नाही असं सरकारने जाहीर केलं. दुकानात ती पुन्हा लोकांना अक्षरं वाचायला लावू लागली आणि टपालवाल्याची सायकल थांबली की हातातलं काम तसंच टाकून दाराशी जाऊ लागली.

कार्ड आलं ते सहा आठवड्यांनी. मदतसंस्थेमार्फत, उघडं, दोन्ही बाजूंच्या तपासनिसांचे शिक्के बसलेलं. पंचवीसच शब्दांची परवानगी होती आणि धाकटीने नेहमीप्रमाणे ती मोडून सत्तावीस लिहिले होते. पूल बंद झाला त्याच आठवड्यात कारखाना लष्कराने घेतला आणि ते दोघं दक्षिणेला डोंगरात, जावयाच्या आत्याकडे गेले होते. सगळे ठीक. मुलगी झाली. बाबांचा खोकला कसा आहे?

बाबांनी कार्ड चार वेळा वाचून घेतलं आणि पाचव्यांदा स्वतः वाचलं.

ती बँडमास्तरला सांगायला त्याच्या घरी गेली. अकरांपैकी सात जण तोवर परतले होते आणि चौथ्या-पाचव्या घरापासूनच त्यांच्या सरावाचा कल्ला ऐकू येत होता. तो तिला अंगणात घेऊन आला. त्याने कार्ड डोळ्यांशी नेऊन वाचलं.

"दक्षिणेला," तो म्हणाला. "तिकडे तर आपल्याला जिन्याची खोली आड यायची."

"हो ना. ती बाजू चौकी नऊकडे होती."

"म्हणजे इतके दिवस तुम्ही..." आणि तो हसायला लागला. तिलाही हसू आलं. दोघं पोटं धरून हसले, इतकं की आतला एक वादक काय झालं ते बघायला बाहेर आला. मग तिला रडू फुटलं आणि ते काही केल्या थांबेना. धाकटी सुखरूप होती. मग हे कशाचं रडू, ते तिचं तिलाच कळेना. एवढंच कळत होतं की त्या रेघांकडे बघताना बहीण रोज बावीस किलोमीटरवर होती आणि आता, सुखरूप असून, ती कुठे आहे ते दाखवायला बोटही नेमकं वळत नव्हतं.

पुढे महिन्याभराने दोन देशांमधली एक फोनची तार जोडली गेली. मोठ्या टेलिफोन कचेरीत नाव नोंदवायचं, पाळी आली की तीन मिनिटं. ती आणि बाबा ठरल्या दिवशी सकाळी नऊला जाऊन बाकावर बसले. तिने विचारायच्या अकरा गोष्टी कागदावर लिहून आणल्या होत्या. बाबांनी ठेवणीतला कोट घातला होता.

"फोनवर दिसत नाही, बाबा."

"असू दे."

दहाला त्यांना काचेच्या खोलीत बोलावलं. खरखर, एक शीळ आणि मग एकदम जवळून, कानाशीच, "ताई?"

अकराच्या अकरा गोष्टी पुसल्या गेल्या. "जेवलीस का?" ती म्हणाली.

धाकटी खळखळून हसली. "दहा वाजलेत, ताई!"

"मुलगी कशी आहे?"

"नाक तुझ्यावर गेलंय. सगळे बिचारी म्हणतात तिला."

"आणि घर? तुमचं तिकडचं?"

"पुढची भिंत पडली म्हणे. आम्ही बघितलंच नाही अजून. जाऊ दे गं, माणसं आहेत ना." मग धाकटीने विचारलं, "तुम्हाला तिकडे फार त्रास झाला का? तू काय करत होतीस इतके दिवस?"

काचेपलीकडे कारकुनाने एक बोट दाखवलं. एक मिनिट झालं होतं. नऊ विमानं, खालून, जाण्याची दिशा...

"दुकान होतं की," ती म्हणाली. "धाकटे, ऐक. त्या दिवशी मी फोन आपटला ना..."

"कुठल्या दिवशी?"

"बाबांना पाठव म्हणालीस तेव्हा."

"आपटला होतास? मला वाटलं लाइन गेली."

खरंच तसं वाटलं होतं की थोरलीची लाज राखायला ती तसं म्हणत होती, हे ओळखायला समोर चेहरा लागतो. आवाज तर अगदी साधा होता. "थांब, बाबांना देते," ती म्हणाली आणि रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला.

बाबा बोलले नाहीत. हं म्हणाले, थोड्या वेळाने पुन्हा हं म्हणाले. डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून ते नुसते ऐकत राहिले. कारकुनाने दोन बोटं दाखवली, मग तीन. तार तुटल्यावरही त्यांनी रिसीव्हर तसाच धरून ठेवला होता. कारकून आत आला आणि त्यांच्या बोटांतून त्याने तो हलकेच सोडवून घेतला.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बोलला का नाहीत काहीच?"

"तीच बोलत होती, बोलू दिलं. तिच्या मागे कुणीतरी भांडी घासत होतं बघ. म्हणजे हाताखाली कुणीतरी आहे तिच्या."

"मला नाही आलं ऐकू."

"एक कुत्रंही आहे. लहान असावं. आणि गॅलरी किंवा अंगण असेल, वारा होता."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग त्यांना बाकावर बसवून पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली. खिडकीतल्या कारकुनाने वही उलटली. एकदा बोलणं झालं की नाव पार तळाशी जायचं. पुढची पाळी बेचाळीस दिवसांनी.

"लिहा," ती म्हणाली.

दोघं बस थांब्याकडे निघाली. बाबांची बोटं हलत होती, अंगठ्याने पेरं मोजत होती. थांब्याशी आल्यावर ते म्हणाले, "बेचाळीस दिवसांनी पोरगी चार महिन्यांची होईल."

"होईल."

"मान धरायला लागेल तोवर."

"लागेल की."

"आणि हुंकार देईल," बाबा म्हणाले. "तिला सांगायला हवं होतं, पोरीला फोनजवळ धर म्हणून. आता कार्डात लिही. शब्द पुरतील ना?"